हस्केल नागावकरांची टिंबं

आमच्या मशिदीत सगळ्यात मोठा आमेन कुणाचा, असं भायखळ्यात कुणालाही विचारा. हस्केल नागावकरांचा. (मशीद म्हणजे आमचं सिनेगॉग. आम्ही बेने इस्रायल लोक जुन्या सवयीनं मशीदच म्हणतो. पाहुणे गोंधळतात, आम्हाला मजा येते.) हझानची, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याची, ओळ संपायच्या आत हस्केलचा आमेन छताला जाऊन थडकायचा. नवीन आलेल्याला वाटायचं, हाच इथला गुरू.

ही समजूत दूर करायची हस्केलची इच्छा नव्हती.

लालबागच्या गिरणीत तो फिटर होता. गिरणी गेली, बायको फ्लोरा गेली, मुलगा इस्रायलला, अश्दोद शहरात गेला. राहिला हस्केल, चाळीतली खोली आणि तो आवाज. सिसिथ, म्हणजे प्रार्थनेची शाल, खांद्यावर टाकली की फिटरचा धर्मपंडित व्हायचा. पुस्तक उघडं धरायचा, बोट ओलं करून पान उलटायचा, मध्येच मान वर करून कुणाच्या तरी उच्चाराला नाक मुरडायचा. एखादा बिचारा टिंबं बघत बघत, अक्षर लावून वाचत असला की हस्केल शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा, "टिंबं बघून वाचतोय. टिंबं पोराबाळांसाठी असतात. पवित्र गुंडाळीवर बघ, आहे एक तरी टिंब?"

आता टिंबं म्हणजे काय ते सांगून टाकतो. हिब्रूची अक्षरं म्हणजे नुसती व्यंजनं. काना, मात्रा, वेलांटी यांचं काम अक्षराखाली आणि डोक्यावर दिलेल्या बारीक टिंबारेघांनी करायचं. धर्मग्रंथाच्या हातानं लिहिलेल्या गुंडाळीवर ती नसतात हे खरं. पण छापील पुस्तकात असतात, आणि आमच्यासारख्यांना ती नसली तर पान म्हणजे मुंग्यांची रांग. हस्केलला टिंबं असली काय, नसली काय, पान म्हणजे मुंग्यांचीच रांग होती.

हो. त्याला वाचताच येत नव्हतं.

लहानपणी बाप वारला, आईनं कामाला लावलं, शिकवणीला कुणी पाठवलं नाही. मामाच्या मांडीला मांडी लावून बसून बसून त्यानं सगळी प्रार्थना कानानं उचलली. सणासुदीची, शनिवारची, लग्नाची, मयताची. गिरणीत मशीनच्या आवाजावरून कुठला पट्टा सुटतोय ते ओळखणारा माणूस, त्याला हे काय जड? पान कधी उलटायचं ते शेजाऱ्याच्या बोटाकडे बघून. इतकी वर्षं खपलं. माझ्या शेजारी बसायचा म्हणून एकदा मी मुद्दाम दोन पानं एकदम उलटली. हस्केलनं पण उलटली, आणि आमेन तसाच खणखणीत. मी तेव्हाच काय ते समजलो, पण बोललो नाही. अशी गंमत एका दिवसात संपवायची नसते.

मग आमचे म्हातारे हझान मुलीकडे इस्रायलला निघाले. पंचांनी चहा-बटाटेवड्यांवर बैठक घेतली आणि ठरवलं की आता हझानचं काम हस्केलमामा करतील. पंचांचे अध्यक्ष सालोमन झिराडकर, बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी हस्केलच्या गळ्यात हार घातला. हस्केल लाजला, नाही-नाही म्हणाला. सगळ्यांना वाटलं विनय आहे.

रोजचं काही अडलं नाही. सगळं तोंडपाठ. पण आमचा एक दिवस असा आहे की तो पाठांतराला दाद देत नाही. दारफाळणीचा सण. दिवसभर कडक उपास, पांढरे कपडे, घराची दारं बंद आणि वर्षभराच्या पापांची माफी. त्या दुपारी, उपासानं सगळ्यांचे चेहरे उतरलेले असताना, एका नबीची, म्हणजे प्रेषिताची, लांबलचक गोष्ट हिब्रूतून वाचायची असते. देवानं काम सांगितलं म्हणून हा नबी जहाजात बसून पळाला आणि माशाच्या पोटात जाऊन पडला. वर्षातून एकदाच वाचतात, त्यामुळे ती कुणाच्याच कानात बसत नाही. वाचतो तो हझान, छापील पुस्तकातून, टिंबं बघून.

हस्केलला हे आठवलं तेव्हा गळ्यातला हार वाळला होता.

त्यानं आधी मोतीबिंदू काढला. म्हणजे डोळ्यातला नव्हे, बोलण्यात. "झिराडकर, अक्षर धूसर दिसतं. ते दुपारचं वाचन यंदा दुसऱ्या कुणाला द्या." झिराडकर असे सुटणारे नव्हेत. त्यांनी हस्केलला टॅक्सीत घालून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, या वयात असे डोळे बघायला मिळत नाहीत. तरीसुद्धा झिराडकरांनी एक जाडजूड भिंग आणून दिलं. भिंगातून मुंग्यांचे मुंगळे झाले, बाकी काही नाही.

मग त्यानं अश्दोदला फोन केला. मुलाला म्हणाला, "नातवाचा आवाज ऐकावासा वाटतो रे. त्याला ती नबीची गोष्ट वाचायला सांग, आणि व्हॉट्सॲपवर पाठव." नातवानं पाठवली. असली धाड धाड वाचलेली की मासासुद्धा दम लागून मेला असता. आणि तिकडच्या पोरांचा 'र' म्हणजे घशात फुलका अडकल्यासारखा. हस्केलनं फोन कानाला लावून ती घोकायचा प्रयत्न केला. पण कान म्हातारा झाला होता. जुनं सगळं आत पक्कं होतं, नवीन आत शिरायला तयार नव्हतं. सकाळी घोकलेली ओळ चहा पिईपर्यंत गेलेली.

शेवटी एकच दार उरलं, आणि ते ठोठावण्यापेक्षा माशाच्या पोटात जाणं हस्केलनं पसंत केलं असतं.

रिबेका पेणकर. परळच्या हॉस्पिटलात जन्मभर नर्स होती, आता रिटायर होऊन बहिणीबरोबर दादरला राहते. लग्न केलं नाही. हिब्रू स्वतःच्या हिमतीवर शिकली, टिंबाटिंबानं, नाइट ड्यूटी करून. फार वर्षांपूर्वी मशिदीच्या हॉलमध्ये मलिदा होता. गूळपोहे, खोबरं, फळं मांडून आम्ही एलियाहू नबीचं नाव घेतो, तो मलिदा. तेव्हा कुणीतरी म्हणालं, आज रिबेकानं वाचावं. ती उभी राहिली. हळूहळू, एकेका अक्षराखाली बोट ठेवून वाचायला लागली. आणि हस्केलनं मोठ्यानं शेरा मारला, "जरा दमानं घ्या, नर्सबाई देवाची शीर शोधतायत!"

हॉल हसला. मीही हसलो, वाक्य चांगलंच होतं. रिबेकानं पुस्तक मिटलं आणि मलिद्याची बशी उचलून बायकांत जाऊन बसली. त्यानंतर चारचौघांत तिनं कधी वाचलं नाही.

त्या रिबेकाच्या दारात हस्केल उभा राहिला. पुढचं संभाषण मला तिच्या बहिणीनं सांगितलं. ती स्वयंपाकघरात होती, आणि कान त्या बाईलाही आहेत.

"या मामा. पाणी?"

"नको. एक काम होतं. माझा एक मित्र आहे."

"बरं."

"त्याला जरा हिब्रू वाचायला शिकायचंय. अगदी पहिल्यापासून."

"मित्राच्या डोळ्यांची पण तक्रार आहे का?"

हस्केल खाली चपलांकडे बघायला लागला.

"आणि मित्राला दारफाळणीच्या आत शिकायचं असेल."

हस्केलनं टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाला, "रिबेका, मी त्या दिवशी हॉलमध्ये जे बोललो..."

"पेशंटनं मागची हिस्टरी नंतर सांगावी," ती म्हणाली. "आधी दुखतंय कुठे ते दाखवा." आणि तिनं त्याच्यापुढे पुस्तक उघडलं.

शिकवायला ती तयार झाली. अट घातली ती हस्केलनंच. भायखळ्यात नको, कुणी बघेल. इथं घरी नको, बहीण बोलेल. (बहीण आतून खोकली.) कुठेतरी अशा जागी, जिथं आपलं माणूस फिरकत नाही. म्हणून ठरला शिवाजी पार्कचा कट्टा. सकाळी, चालायला येणाऱ्यांच्या गर्दीत.

तर असा हा वर्ग सुरू झाला. एकीकडे नेटमध्ये बॅटीचे ठोके, दुसरीकडे रिटायर झालेल्यांची मंडळं सरकार चालवतायत, आणि मध्ये कट्ट्यावर हस्केल, डोक्यावर टोपी, मांडीवर पुस्तक, पुस्तकावर वर्तमानपत्राचं कव्हर.

"अक्षराखाली एक टिंब. काय?"

"इ."

"शेजारी शेजारी दोन?"

"ए."

"तीन, त्रिकोणात?"

"हेही ए? मग दोघांची गरज काय?"

"देवाला विचारा. एकाखाली एक दोन टिंबं?"

इथं हस्केलची गाडी अडायची. या उभ्या जोडीचा स्वभाव असा की कधी हलकासा 'ए' म्हणायचा आणि कधी काहीच नाही, गप्प. कधी काय, हे जागा बघून ओळखायचं. हस्केलला गप्प राहणं हा प्रकार मुळातच ठाऊक नव्हता. तो दर वेळी म्हणायचा, आणि रिबेका म्हणायची, "इथं गप्प, मामा. इथं गप्प बसायचं."

घरी सराव चालायचा. भिंतीपलीकडे रामदास राहतो, दाभोळचा, सरळ माणूस. त्याला रोज पहाटे "बा बे बी बो बू" ऐकू यायला लागलं. एक दिवस त्यानं जिन्यात गाठून विचारलं, "हस्केलकाका, घशाची काय तक्रार आहे का? आमच्या मेव्हण्याला पण ऑपरेशननंतर असंच म्हणायला लावायचे."

"घसाच आहे," हस्केल म्हणाला. आणखी एक आजार खात्यावर.

पण खरं सांगतो, तो शिकत होता. मान खाली घालून, शाळेतल्या ढ मुलासारखा, शिकत होता. एकदा त्यानं अख्खी ओळ स्वतःची स्वतः लावली आणि डोळे पुसले. रिबेकानं दुसरीकडे बघितलं. इतकी वर्षं तोंडानं म्हणत आलेला एक शब्द त्याला पहिल्यांदा कागदावर भेटला होता.

आता भायखळ्याचं माणूस तिथं फिरकत नाही हा हिशेब हस्केलनं आमच्या एस्तेरबाई थळकरांना न विचारता केला होता. एस्तेरबाईंची लेक दादरला बाळंत झाली होती. एस्तेरबाई सकाळी बाळाला ऊन दाखवायला पार्कात आल्या, आणि त्यांना काय दिसलं? कट्ट्यावर हस्केल नागावकर, विधुर. त्याला चिकटून रिबेका पेणकर, कुमारिका. दोघांची डोकी एका पुस्तकात. आणि त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, रिबेका म्हणत होती, "ओठ गोल करा, मामा. आणखी गोल."

झालं. बाळाला ऊन लागलं की नाही देव जाणे. बातमीला पाय लागले. माझ्यापर्यंत यायला दुपार झाली, तोवर ती पार शिळी झालेली. एवढंच मला लागलं.

शनिवारी प्रार्थना संपली. आम्ही एकमेकांच्या हाताला हात लावून बोटं ओठांना लावतो, तो आमचा रिवाज. झिराडकरांनी हस्केलचा हात धरला तो सोडलाच नाही.

"हस्केलमामा, शिवाजी पार्कची हवा मानवलेली दिसते."

आजूबाजूचे थांबले. हस्केलला वाटलं, कळलं. बिंग फुटलं. तोंडातली वाफ गेली.

"कधी मुहूर्त?" झिराडकर म्हणाले. "अहो, या वयात सोबत हवीच. आणि रिबेका म्हणजे घरात नर्स. लाजता काय?"

बघा, इथं तो माणूस घसरला. एका वाक्याचं काम होतं. मी तिच्याकडे वाचायला शिकतोय. पण ते वाक्य बाहेर काढायचं म्हणजे इतक्या वर्षांचे आमेन परत गिळायचे. आणि इथं लोक आपणहून त्याला एक झकास सबब देत होते. म्हाताऱ्याचं प्रेम! त्यात हसू आहे, पण नाक कापलं जात नाही. हस्केलनं खाली बघितलं, गालातल्या गालात हसला आणि म्हणाला, "बघू. देवाची इच्छा."

रिबेकाला अभिनंदनाचे फोन गेले. कुणी विचारलं, रजिस्टर करणार की मशिदीत? कुणी म्हणालं, आता कळलं इतकी वर्षं का थांबली होतीस. फ्लोराच्या मावसबहिणीनं तर विचारलं, हे फ्लोरा असतानाचं आहे का.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर रिबेका आली. बसली नाही.

"मामा, त्यांनी तुम्हाला विचारलं?"

"हो... झिराडकर बोलले काहीतरी."

"आणि तुम्ही नाही म्हणाला नाहीत."

"म्हणणार होतो. सगळे उभे होते गं."

"हॉलमध्येही सगळे उभे होते," रिबेका म्हणाली. "तुम्हाला वाचता येत नाही हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नाही. तिनं ऐकलं ते तिच्या कानानं. मी तुमचं झाकलं. तुम्ही माझं नाव पुढे केलंत, तुमचं झाकायला."

हस्केल काहीतरी बोलायला गेला.

"इथं गप्प," ती म्हणाली, आणि गेली.

त्यानंतर ती आली नाही. हस्केल जात राहिला. पुस्तक मांडीवर, समोर पोरं पॅड बांधतायत. नबी जहाजात बसला होता, वादळ सुरू झालं होतं, आणि पुढचं पान रिबेकानं शिकवलेलं नव्हतं. फोन केला तर बहीण उचलायची आणि म्हणायची, "ती प्रार्थना करतेय." दिवसभर.

दारफाळणी आली.

त्या दुपारी मशीद पांढरीशुभ्र. खाली आम्ही पुरुष, वर सज्जात बायका. पंखे फिरतायत, पोटात काही नाही, तोंडाला वास. सकाळपासून आम्ही छातीवर मूठ मारून मारून पापांची यादी म्हटली होती, अमुक केलं, तमुक केलं, सगळ्यांच्या वतीनं. हस्केलचा आवाज त्यात नेहमी सगळ्यांच्या वर असतो. त्या दिवशी मी शेजारी कान देऊन ऐकलं. निंदेच्या ओळीपाशी आवाज बंद. नुसती मूठ हलत होती.

मग तो तेव्यावर चढला. तेवा म्हणजे मधला चौथरा. पुस्तक उघडलं. भिंग खिशातच ठेवलं.

सुरुवात त्यानं झकास केली. शिकवलेलं होतं ते त्यानं वाचलं, चालीत, त्या भरदार आवाजात. झिराडकर मान डोलवत होते. नबी पळाला, जहाजात बसला, वादळ आलं. आणि पान उलटायची वेळ आली.

हस्केलनं पान उलटलं आणि थांबला.

आता ऐका. त्याला थांबायची काही गरज नव्हती. चाल त्याला येत होती. त्या चालीवर त्यानं कुठल्याही प्रार्थनेचे तुकडे जोडून म्हटले असते तरी आमच्यातल्या किती जणांच्या लक्षात आलं असतं, हे सांगून मला मशिदीची अब्रू घालवायची नाही. उपाशी माणसं, अर्धी पेंगलेली. शेवटी आम्हीच आमेन म्हटला असता. आणि त्याचं तोंड उघडलंही. चालीचे पहिले सूर आले, शब्दांवाचून. मी म्हटलं, चालला हा, पोहून जाणार.

आणि तो बंद पडला. मान वर करून त्यानं सज्जाकडे बघितलं. मग आमच्याकडे. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला. आणि मराठीत बोलला.

"मला वाचता येत नाही."

झिराडकरांना वाटलं उपासानं चक्कर आली. ते उठायला लागले.

"बसा, झिराडकर. चक्कर नाही. मला वाचता कधीच येत नव्हतं. तोंडपाठ म्हणत आलो. तुम्हा सगळ्यांच्या चुका काढल्या. रिबेकाबाईंची भर हॉलमध्ये चेष्टा केली, त्यांना येत होतं म्हणून. शिवाजी पार्कला त्या मला टिंबं शिकवत होत्या. दुसरं काही नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हसलो, कारण हे सांगायची लाज वाटली. त्यांच्या नावाची वाटली नाही." पुस्तक जवळ ओढलं. "हे पान मला शिकवलेलं नाही. लावून लावून वाचतो. वेळ लागेल. ज्याला जायचंय त्यानं जावं."

दारफाळणीला कोण कुठे जाणार? दारंच बंद.

त्यानं बोट पानावर ठेवलं. आणि तो वाचायला लागला. चाल नाही, काही नाही. एक अक्षर, खाली टिंब, मग दुसरं अक्षर. बालवाडीतल्यासारखं. इतका मोठा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मागून कुणीतरी खुदकन हसलं. हस्केलनं ऐकलं, कान आणखी लाल झाले, बोट मात्र उचललं नाही. मला वर बघवेना. मी माझ्याच पुस्तकात नाक घातलं.

एका शब्दापाशी तो अडला. पुन्हा म्हटला, पुन्हा चुकला. आमच्याकडे रिवाज आहे, वाचणारा चुकला तर ऐकणाऱ्यानं मोठ्यानं दुरुस्त करायचं. आम्ही सगळे खाली बघत बसलो होतो, कारण आम्हालाही येत नव्हतं.

वरून, सज्जातून, आवाज आला.

"इथं गप्प, मामा. पुढचं म्हणा."

एस्तेरबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी तिचा पदर ओढला म्हणतात. रिबेकानं सोडवून घेतला आणि कठड्यापाशी येऊन उभी राहिली, हातात पुस्तक. तो अडला की ती सांगायची. नबी माशाच्या पोटातून बाहेर येईपर्यंत खिडकीतलं ऊन पार भिंतीवर चढलं होतं.

शेवटी आमेन म्हणायचा होता. नेहमी हस्केल म्हणतो, आम्ही मागून. त्या दिवशी कुणी म्हणेचना. मग मीच म्हटला.

संध्याकाळी हातात हात देताना बरेचजण हस्केलला चुकवून गेले. झिराडकरांनी हात दिला, पण बोटं ओठांना लावायला विसरले.

दारफाळणीचा दुसरा दिवस आमचा शिळा सण. लोक एकमेकांकडे जातात, गोडधोड देतात. हस्केल पुऱ्यांचा डबा घेऊन दादरला गेला. रिबेकानं दार उघडलं. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आत या."

"नको. माफी मागायला आलोय. त्या शनिवारची आणि हॉलमधली."

"काल मागितलीत ना."

"ती सगळ्यांसमोर. सगळ्यांसमोर मी चांगलं बोलतो, सवय आहे."

रिबेकानं डबा घेतला. झाकण उघडून आत बघितलं. मग म्हणाली, "मामा, फ्लोराच्या मावसबहिणीनं मला जे विचारलं ते पुऱ्यांनी जाणार नाही."

"माहीत आहे."

"बुधवारी या. इथं. कट्ट्यावर नाही. बहीण घरी असेल, दार उघडं असेल. उभ्या जोडीवर तुमच्या अजून फार चुका आहेत."

तो अजून जातो. हझानही तोच आहे. दुसरं कुणी मिळालं नाही आणि झिराडकरांना हार फुकट घालवायचा नव्हता. मुलाला अश्दोदला त्यानं स्वतः फोन करून सांगितलं. मुलगा म्हणाला, बाबा, मला लहानपणापासून माहीत होतं. त्या रात्री हस्केल जेवला नाही.

उच्चारांना नाक मुरडणं बंद आहे. मी आपला मधूनमधून दोन पानं एकदम उलटून बघतो. तो माझ्याकडे बघतसुद्धा नाही, बोट त्याच्या ओळीवर असतं. आमेन अजून मोठाच आहे, पण आता सगळ्यांच्या नंतर येतो. बोट पोचल्याशिवाय तो म्हणत नाही.